मैत्रिणीबरोबर परदेशात उन्हाळी इंटर्नशिप: ड्रेस्डेनमधल्या पहिल्या आठवड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५च्या उन्हाळ्यात मी आणि माझी वर्गमैत्रीण जर्मनीत ड्रेस्डेनला दहा आठवडे होतो. दोघी सांगलीच्या, दोघी तिसऱ्या वर्षाला, लॅब मात्र वेगवेगळ्या. परत आल्यापासून ज्युनियर पोरापोरींचे, त्यांच्या आयांचे, एकदा तर एकीच्या काकांचेही फोन येतात आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. काही प्रश्न आयांचे आहेत, ते तसेच ठेवलेत.

ही नोकरी आहे की शिक्षण?

दोन्ही नाही. एखाद्या प्रोफेसरच्या गटात दोन-अडीच महिने बसायचं, छोटंसं काम अंगावर घ्यायचं, शेवटी अहवाल द्यायचा. काहींना डीएएडी या जर्मन संस्थेची ‘वाइज’ ही शिष्यवृत्ती मिळते. ती भारतातल्या विज्ञान-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. काहीजण थेट प्रोफेसरला ईमेल करून जातात. मैत्रीण पहिल्या वाटेने गेली, मी दुसऱ्या. मी एकूण त्रेसष्ट ईमेल टाकले होते, हे नाउमेद होणाऱ्यांसाठी सांगून ठेवते.

मैत्रीण सोबत असली तर बरं पडतं ना?

पहिले दोन दिवस फार बरं पडतं. तिसऱ्या दिवसापासून जरा सांभाळा.

आमचं असं झालं की मैत्रिणीचं जर्मन ए-टू, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत झालेलं, मला ‘डांके’ म्हणजे धन्यवाद, याच्या पुढे काही येत नव्हतं. म्हणून दुकानात ती बोलायची, ट्रामचं ती बघायची, ऑफिसात ती पुढे आणि मी मागे पिशवी धरून उभी. घरून फोन आला की मी सांगायचे, ‘सगळं छान चाललंय.’ छान तिचं चाललं होतं. माझा पहिला आठवडा खऱ्या अर्थाने चौथ्या दिवशी सुरू झाला, तेही बाथरूम स्लिपरवर. ते पुढे येईलच.

तेव्हा सोबत जा, पण पहिल्या आठवड्यात दुकान, ट्राम, ऑफिस, एक फोन, यातलं प्रत्येक काम एकदा तरी एकटीने करा.

बॅगेत काय न्यावं? हापूस नेता येतो का?

नाही. मे महिन्यात हा प्रश्न दर घरातून येतो म्हणून आधीच सांगते. युरोपीय संघाबाहेरून फळं न्यायची तर वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे, आंब्याला नाही. दूध आणि मांसाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड बाद. माझ्या आईने तुपाची बरणी टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. ती मी मुंबईच्या विमानतळावर सोडायला आलेल्या मावशीच्या हातात दिली. आईला हे अजून माहीत नाही.

चटणी, मेतकूट, पोहे, मसाला, छोटा प्रेशर कुकर खुशाल न्या. तूरडाळही न्या, पण पाच किलो नको. आपली दोन बारीक पिनांची चार्जरची प्लग तिथे बसते, तीन पिनांची बसत नाही, त्यामुळे एक अडॅप्टर हवाच. दोघीत एकच अडॅप्टर न्यायचा शहाणपणा आम्ही केला होता, तुम्ही करू नका.

औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. तिथे साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, त्यासाठी ‘आपोथेके’त, म्हणजे औषधांच्या दुकानात जावं लागतं.

विमानतळावर काय विचारतात?

कुठे, किती दिवस, कशासाठी, राहणार कुठे. प्रोफेसरचं पत्र, राहण्याची सोय, विमा आणि परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. बॅटरी संपलेल्या फोनमधली पीडीएफ दाखवता येत नाही. शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या सीमेवर अल्प मुदतीसाठी येणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत २०२५च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली आहे, तेव्हा रांगेला वेळ धरा.

आम्ही फ्रँकफर्टला उतरलो. विमानतळाखालीच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे आणि तिथून ड्रेस्डेन साधारण साडेचार-पाच तास. स्वस्त तिकीट एका ठराविक गाडीलाच बांधलेलं असतं, ती चुकली की तिकीट गेलं. त्यामुळे विमान उतरायच्या वेळेत आणि गाडीच्या वेळेत निदान तीन तास ठेवा. उलट, गाडीच उशिरा धावून मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तर तेच तिकीट दुसऱ्या गाडीलाही चालतं. हे कोणी आपणहून सांगत नाही.

पोचल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

कॅलेंडर बघायचं, आणि तेही तिकीट काढायच्या आधी. आम्ही २८ मे, बुधवारी रात्री पोचलो. गुरुवारी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. दुकानं बंद, ऑफिस बंद, आणि रस्त्यावर मोठमोठे बाप्ये हातगाडीत बिअरची खोकी भरून गाणी म्हणत फिरतायत. पूर्व जर्मनीत हा दिवस ‘पुरुषांचा दिवस’ म्हणून असाच साजरा होतो, पण आम्हाला ते ठाऊक नव्हतं. खिडकीतून बघून मैत्रीण म्हणाली, ‘अगं, मिरवणूक आहे, पण गणपती कुठंय?’

शुक्रवारी अर्धं शहर जोडून रजेवर. मग शनिवार-रविवार. सोमवारी कामावर रुजू, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी परत पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुट्टी. मे-जूनमध्ये जर्मनीत हे असंच असतं.

गुरुवार आम्ही मेतकूट-भातावर काढला. तांदूळ मैत्रिणीच्या आजीने जबरदस्तीने दिलेला होता, देव तिचं भलं करो.

रविवारी दूध मिळतं का? (आईचा प्रश्न)

शनिवारी आणून ठेवायचं. रविवारी किराणा दुकानं कायद्यानेच बंद असतात. अगदीच अडलं तर रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात आणि सकाळी काही बेकऱ्या. शनिवारी संध्याकाळी दुकानात जी झुंबड उडते ती बघून आपल्याकडची दिवाळीच्या आदल्या दिवशीची आठवण होते.

नळाचं पाणी पिण्याचंच असतं. विकतचं पाणी आणायची गरज नाही, आणि आणलंत तर बाटलीवर ‘स्टिल’ लिहिलंय का बघा, नाहीतर सोडा निघतो.

खोली कशी असते? काही अडचण येते का?

खोलीची नाही, खिडकी आणि दाराची येते.

खिडकीचा दांडा खाली असला की बंद. आडवा केला की खिडकी दारासारखी आत उघडते. दांडा वर केला की खिडकी वरून आपल्याकडे झुकते आणि तशीच तिरकी राहते. पहिल्यांदा मला वाटलं, बिजागरी निखळली. दोन्ही हातांनी काच धरून मी मैत्रिणीला हाका मारत होते. ती वरच्या मजल्यावर राहायची, त्यामुळे तिला ऐकू जायचं काही कारण नव्हतं. तर, ती पडत नाही, तशीच असते.

आता दार. दाराला बाहेरून फिरवायची कडी नसते, नुसता घट्ट गोळा असतो. दार ओढलं गेलं की बंद, मग किल्लीशिवाय उघडत नाही. शनिवारी सकाळी आठ-सव्वाआठला मी कांद्याच्या सालींची पिशवी घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. पायात बाथरूम स्लिपर, अंगात घरचा गाऊन, फोन आत चार्जिंगला. मागे ‘खट्’ झालं.

मैत्रीण दुकानात गेलेली. तिचा नंबर मला पाठ नाही. मला माझ्या आजीच्या घरचा जुना लँडलाइन पाठ आहे, हिचा नाही. वसतिगृहाचा केअरटेकर, ज्याला तिथे ‘हाउसमाइस्टर’ म्हणतात, तो शनिवारी येत नाही. मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एक व्हिएतनामी मुलगा अंडं तळत होता. त्याने गॅस बारीक करायला हात नेला, मग शेगडी विजेची आहे हे त्याचं त्यालाच आठवलं, आणि आम्ही दोघंही हसलो. त्याने फोन दिला. लिफ्टजवळच्या सूचनाफलकावर कुलूपवाल्याचा नंबर होता. पलीकडच्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं. त्याला खोलीचा नंबर सांगायचा होता, तीनशे चोवीस. मी बोटांवर मोजत म्हटलं, ‘द्रायहुंडर्ट... फीअर... उंट... त्स्वान्त्सिश.’ तीनशे, चार आणि वीस. माझं जर्मनमधलं पहिलं पूर्ण वाक्य म्हणजे हा आकडा.

दीड तासाने माणूस आला. प्लॅस्टिकचा एक पत्रा फटीत सारला, दहा सेकंदांत दार उघडलं आणि ऐंशी युरो घेतले. तेवढ्यात माझी मैत्रीण ब्रेड घेऊन आली आणि म्हणाली, ‘मला बोलवायचं ना, मी बोलले असते त्याच्याशी.’

किल्ली गळ्यात अडकवा. कुलूपवाल्याला दर फोनवरच विचारा. मैत्रिणीचा नंबर पाठ करा.

जर्मन येत नसेल तर चालतं का?

लॅबमध्ये चालतं, तिथे सगळे इंग्रजी बोलतात. वाण्याकडे, बसमध्ये, डॉक्टरकडे अडतं. ड्रेस्डेन पूर्वेला आहे, तिथल्या पन्नाशीपुढच्या लोकांनी शाळेत इंग्रजीपेक्षा रशियन जास्त शिकलेलं.

पण मराठी माणसाला एक गोष्ट फुकट मिळते. जर्मन आकडे आपल्यासारखेच उलटे बोलतात, एकवीस म्हणजे एक आणि वीस, सत्तेचाळीस म्हणजे सात आणि चाळीस. इंग्रजी डोक्याची मुलं इथे महिनाभर अडखळतात, आपण दोन दिवसांत बोलतो. एकोणतीस मात्र ते सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात, आपला एकाने कमी करायचा नखरा त्यांच्याकडे नाही.

आणखी एक. सॅक्सनीत, म्हणजे ड्रेस्डेन ज्या राज्यात आहे तिथे, ‘हो’ला ‘नू’ म्हणतात. पुस्तकात शिकवत नाहीत. दुकानातल्या बाईने तीनदा ‘नू’ म्हटलं आणि मैत्रिणीला वाटलं, ती नाही म्हणतेय.

लिफ्टमध्ये शिरताना ‘हालो’, निघताना ‘चूस’, ओळख नसली तरी. एवढ्यावर निम्मं काम होतं.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी काय होतं?

काम होत नाही. सुरक्षेची माहिती ऐकायची, सही करायची, किल्ली घ्यायची, लॉगिन मिळेपर्यंत वाट बघायची. सहीशिवाय यंत्राला हात लावू देत नाहीत. माझं लॉगिन गुरुवारी मिळालं. तोवर मी शोधनिबंध वाचत बसले आणि आपल्याला रिकामं बसवलंय म्हणून मनातल्या मनात खजील होत राहिले. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

नऊ म्हणजे नऊ. साडेअकराला लोक जेवायला उठतात, हे मला सगळ्यात अवघड गेलं. पाच-साडेपाचला दिवे बंद. पहिल्या आठवड्यात मी छाप पाडायला आठपर्यंत थांबले, तर माझ्या गाइडने दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, ‘काही अडलंय का?’ कामाचा दिवस संपला याला त्यांच्याकडे ‘फायराबेंड’ असा खास शब्द आहे आणि तो ते पाळतात.

तुमच्या दोघींच्या लॅब एकच असतील तर शेजारी बसू नका आणि जेवताना मराठीत बोलू नका. एकदा मराठी सुरू झालं की टेबलावरचे बाकीचे आपोआप दुसरीकडे वळतात. त्यांना राग येत नाही, पण पुन्हा ते तुम्हाला बोलावतही नाहीत.

खायचं काय? (शाकाहारी आहोत)

दुपारी मेन्सा, म्हणजे विद्यापीठाची खाणावळ. रोज एक तरी शाकाहारी, बहुतेक वेळा व्हीगन पदार्थ असतो. चव आपल्याला फिकी लागते, चटणीची पुडी खिशात ठेवा. विद्यार्थ्यांचा दर वेगळा आणि पाहुण्यांचा वेगळा, तेव्हा तुमच्या कार्डावर कोणता दर लागतोय ते पहिल्याच दिवशी विचारा.

रात्री घरी. लाल मसूर डाळ कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते. कणकेसाठी गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर १०५० आकडा बघा. ४०५ म्हणजे मैदाच, त्याच्या पोळ्या रबर होतात. कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं व्हिएतनामी दुकानांत. पूर्व जर्मनी वेगळा देश होता तेव्हा व्हिएतनामहून हजारो कामगार इथल्या कारखान्यांत आले, त्यातले बरेच राहिले. अंडंवाल्या त्या मुलाचे आजोबा त्यातलेच. आम्हाला ते दुकान त्यानेच दाखवलं.

ट्रामचं तिकीट कसं काढायचं?

महिनाभराचं ‘डॉइचलांटिकेट’ घ्या. आम्ही होतो तेव्हा ५८ युरो होतं, २०२६पासून ६३ झालंय. देशभरातल्या ट्राम, बस, लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, वेगवान आयसीई-आयसीला नाही. हे वर्गणीसारखं असतं, महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. भारतात परतायच्या महिन्याची १० तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.

सुटं तिकीट काढलंत तर ते शिक्का मारायच्या यंत्रात घालायला विसरू नका. साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि दंड ६० युरो आहे. ‘मला माहीत नव्हतं’ हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं असतं.

नकाशावर एल्बे नदीवर कारोला पूल दिसला तर त्यावर विसंबू नका. ११ सप्टेंबर २०२४च्या पहाटे त्याचा ट्रामचे रूळ असलेला भाग नदीत कोसळला. सुदैवाने त्या वेळी वर कोणी नव्हतं. उरलेला पूलही मग पाडला आणि ट्रामचे मार्ग बदलले. म्हणून जुन्या ब्लॉगांवरचे ट्रामचे नंबर वापरू नका.

पत्त्याची नोंदणी करावी लागते का?

मुक्काम तीन महिन्यांच्या आत असेल तर पाहुण्याला लागत नाही. त्याहून जास्त असेल तर लागते, आणि घरमालकाचं पत्र जोडावं लागतं. सिमकार्डाला मात्र पासपोर्ट पडताळणी लागतेच. पहिल्या दोन-चार दिवसांसाठी भारतातूनच ई-सिम घेऊन निघा.

रिकाम्या बाटल्या फेकायच्या का?

अजिबात नाही. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पावती येते. आम्ही पहिल्या आठवड्यात अकरा बाटल्या कचऱ्यात टाकल्या. हिशोब तुम्हीच करा, मी केला आणि झोप उडाली.

कचरा वेगळा करायचा: वेष्टनं पिवळ्यात, कागद निळ्यात, ओला वेगळा, काच रस्त्यावरच्या टाक्यांत रंगानुसार. काच रविवारी टाकायची नाही, आवाज होतो. रात्री दहानंतर मिक्सरही लावू नका.

पैसे दोघींत कसे वाटायचे?

पहिल्याच दिवशी वाटणीचं अॅप लावा. ‘राहू दे गं, मी देते’ हे सांगलीत ठीक आहे, युरोत नाही. दोघींची कार्डं वेगवेगळ्या बँकांची ठेवा. पन्नास-साठ युरो रोख कायम जवळ हवेत, लहान दुकानांत आणि चहाच्या टपरीवजा ठिकाणी कार्ड नाकारतात.

भांडण झालं तर?

होणारच. आमचं सहाव्या दिवशी झालं, पोळ्यांवरून. खरं कारण पोळ्या नव्हत्या. तिला रोज माझ्या वतीने बोलायचा कंटाळा आला होता आणि मला रोज तिच्या मागे उभं राहायचा. हे दोघींना कळायला कुलूपवाला यावा लागला आणि वर आणखी दोन दिवस जावे लागले. नंतर आम्ही ठरवलं: बुधवारी आणि शनिवारी सकाळी एकमेकींना विचारायचं नाही, ज्याची त्याची वाट. त्यातल्याच एका बुधवारी मी एकटीने पोस्टात जाऊन पार्सल सोडवलं. कुलूपवाल्याला केलेल्या फोनइतकाच अभिमान आहे मला त्या पार्सलच्या पावतीचा, अजून पाकिटात आहे.

तिथे मुलींना सुरक्षित आहे का? (बहुतेक सगळ्या आयांचा प्रश्न)

रात्री दहाला ट्रामने एकटं येताना मला भीती वाटली नाही. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. पण गुळगुळीत उत्तर देणार नाही. परदेशी लोकांविरुद्धचं ‘पेगिडा’ आंदोलन २०१४मध्ये याच शहरात सुरू झालं. आमच्या दहा आठवड्यांत एका म्हाताऱ्याने ट्राममध्ये काहीतरी पुटपुटलं, मैत्रिणीला कळलं, तिने मला अर्थ सांगितला नाही. समोरच्या बाईने त्याला झापलं, तेही मला कळलं नाही, पण सूर कळला. मोर्चा दिसला की दुसऱ्या गल्लीने जा. तातडीला ११२, पोलिसांना ११०.

घरी फोन कधी करायचा?

उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे. तिथे संध्याकाळी सहा म्हणजे घरी साडेनऊ, ती वेळ सगळ्यात बरी. बाहेर ऊन बघून तुम्हाला वाटेल अजून दुपारच आहे, आणि आईला झोपेतून उठवाल.

पहिल्या रविवारी कुठे जावं?

दुकानं बंद असतातच, तेव्हा बाहेर पडा. एस-वन लोकलने राटेन या गावाला. चाळीसेक मिनिटं, त्याच ‘डॉइचलांटिकेट’वर. तिथे एल्बे ओलांडायला फेरी आहे, तिला इंजिन नाही. लांब तारेला बांधलेली होडी प्रवाहाच्या जोरावरच तिरकी होत पलीकडे जाते. पलीकडे चढ चढून बास्टाय, वालुकाश्माचे सुळके आणि त्यांच्यामधला १८५१चा दगडी पूल. आम्हाला वर गेल्यावर हरिश्चंद्रगड आठवला, फक्त इथे वरती हॉटेल आणि रेलिंग होतं. उतरल्यावर अंगावर गोचीड आहे का बघा, गुडघ्यामागे विशेषतः.

छत्री न्यावी का?

न्या. दोन न्या.